औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचं अंग भाड्याने दिलं, त्या पैशातून ७ हजार डॉलरचा सिनेमा काढला आणि हॉलिवूड हलवलं

१९९१ चं साल. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं ऑस्टिन शहर. तिथल्या एका औषध संशोधन केंद्रात महिनाभरासाठी काही तरुण पोरांना ठेवून घेतलं होतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या एका नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालू होती. वेळेवर औषध घ्यायचं, देतील तेवढंच खायचं, सांगतील तेव्हा रक्त द्यायचं आणि बाहेर पडायचं नाही. बदल्यात मिळणार होते साधारण ३ हजार डॉलर.

तिथं कुणाला नावाने हाक मारत नव्हते. अंगातल्या शर्टाचा रंग आणि त्यावरचा नंबर हीच ओळख. त्यातला ‘रेड ११’ नावाचा पोरगा मात्र खुश होता. जेवण फुकट, झोपायला गादी, वर लिहायला हवा तेवढा वेळ. तो बसून सिनेमाची पटकथा लिहीत होता.

या पोराचं नाव रॉबर्ट रॉड्रिगेझ. वय २३. आणि तो लिहीत होता त्या सिनेमाचं नाव ‘एल मारियाची’.

इंटरनेटवर ‘७ हजार डॉलरमध्ये सिनेमा बनवून कोट्यधीश झालेला माणूस’ अशी रील तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल. खाली कमेंटमध्ये लोक एकमेकांना टॅग करून ‘भावा, आपण पण करू’ म्हणत असतात. गोष्ट खरी आहे, पण ७ हजारांत नेमकं काय आलं आणि काय आलं नाही, हे त्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. आज तेच जरा नीट बघू.

आधी हा गडी कोण ते बघू. रॉड्रिगेझचा जन्म १९६८ चा, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातला. मूळचं मेक्सिकन कुटुंब. आई नर्स, वडील सेल्समन आणि घरात दहा भावंडं. वडिलांनी घरी व्हिडिओ कॅमेरा आणला आणि या पोराला नाद लागला. भावंडांना हिरो-हिरोईन बनवायचं, शूटिंग करायचं आणि दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एडिटिंग करायचं. आता जोडून म्हणजे काय, तर एका मशीनवर टेप चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा रेकॉर्ड करायचा आणि पॉज दाबायचा. चुकलं की परत पहिल्यापासून. अशी वर्षं काढल्यावर माणसाला एक सवय लागते. शूटिंग करतानाच डोक्यात सिनेमा कापून तयार असतो. ही सवय पुढे त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये फिल्मच्या कोर्सला त्याला सुरुवातीला प्रवेश मिळाला नव्हता. मार्क कमी होते. मग त्याने घरच्या घरी केलेली फिल्म एका स्थानिक स्पर्धेत पाठवली, बक्षीस मिळवलं आणि कोर्सला आत घुसला. तिथं त्याने ‘बेडहेड’ नावाची शॉर्टफिल्म केली, तीही आपल्याच भावंडांना घेऊन. तिला बरीच बक्षिसं मिळाली.

आणि हो, अंगावर औषधाची चाचणी करून घ्यायची त्याची ही पहिली वेळ नव्हती. त्याआधी जखम लवकर भरून येण्याच्या एका औषधाच्या चाचणीत तो बसला होता. जखम भरते का हे बघायचं तर आधी जखम करावी लागणार. त्याचे व्रण हातावर कायमचे राहिले. रीलमध्ये ही गोष्ट ‘जिद्द’ म्हणून सांगतात. मला विचाराल तर ती जितकी जिद्दीची, तितकीच बँकेत पत नसलेल्या पोराकडे गहाण ठेवायला काय असतं त्याची आहे.

आता मुद्द्यावर येऊ. रॉड्रिगेझचा एक जुना दोस्त होता, कार्लोस गायार्दो. शाळेपासूनची मैत्री. गायार्दोचं गाव सियुदाद आकुन्या. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांदे नदी आहे, तिच्या मेक्सिकोकडच्या काठावर हे गाव. सुट्टीत दोघं तिथं व्हिडिओ कॅमेऱ्यावर मारधाडीच्या फिल्म करायचे.

दोघांचा प्लॅन एकदम साधा होता. अमेरिकेत आणि मेक्सिकोत स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी स्वस्तातल्या ॲक्शन फिल्म थेट व्हिडिओ कॅसेटवर निघायच्या. थिएटरचा संबंधच नाही. अशा तीन फिल्म करायच्या, विकायच्या, आलेल्या पैशातून पुढची करायची आणि यातून हात बसवून घ्यायचा. थोडक्यात काय, तर ‘एल मारियाची’ ही जगाने बघावी म्हणून केलेली फिल्मच नव्हती. तो गृहपाठ होता. कुणी बघणार नाही, मग चुकलो तर कोण हसणार, असा सगळा हिशोब.

त्याच वर्षी जुलैमध्ये हॉलिवूडचा ‘टर्मिनेटर २’ आला. त्याचा खर्च जवळपास १० कोटी डॉलर. आणि इकडे या दोघांच्या खिशात चाचणीचे ३ हजार आणि मित्रांच्या मदतीने जमवलेली बाकीची रक्कम. सगळं धरून खर्च झाला ७ हजार डॉलरच्या थोडा वर. त्या वेळच्या भावाने आपले साधारण पावणेदोन लाख रुपये.

सिनेमाची स्टोरी दोन ओळींची आहे. काळे कपडे घातलेला एक गरीब मारियाची, म्हणजे मेक्सिकोतला पारंपरिक गाणी वाजवणारा कलाकार, गिटारची पेटी घेऊन कामाच्या शोधात एका गावात येतो. त्याच दिवशी अझुल नावाचा तुरुंगातून सुटलेला गुंडही काळे कपडे घालून, हातात गिटारची पेटी घेऊन गावात येतो. फरक एवढाच की त्याच्या पेटीत बंदुका असतात. मोको नावाच्या डॉनची माणसं चुकीच्या माणसामागे लागतात आणि राडा सुरू होतो.

हा मोको म्हणजे सिनेमाचा व्हिलन. त्याचं काम करणारा पीटर मार्क्वार्ट रॉड्रिगेझला भेटला कुठे, तर त्याच औषध केंद्रात. दोघं सोबत चाचणीला होते. मार्क्वार्ट ॲक्टर नव्हता आणि त्याला स्पॅनिशही येत नव्हतं. अख्खा सिनेमा स्पॅनिशमध्ये! पठ्ठ्याने अर्थ न कळता संवाद पाठ करून म्हटले. त्यात आणखी गंमत म्हणजे ‘मोको’ या शब्दाचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो शेंबूड. २०१४ साली मार्क्वार्ट गेला, पण सिनेमाप्रेमी त्याला आजही मोको म्हणूनच ओळखतात.

हिरोचं काम गायार्दोने स्वतः केलं. निर्माताही तोच.

आता ७ हजारांत हे बसवलं कसं? इथं खरी मजा आहे.

रॉड्रिगेझने आधी पटकथा लिहून मग सामान शोधलं नाही. उलटं केलं. आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी केली आणि तेवढ्यात बसेल अशी गोष्ट लिहिली. गायार्दोच्या ओळखीने बार मिळतोय? मग हिरोईन बार चालवते. बस मिळतेय? मग बसमध्ये सीन. गायार्दोकडे पिटबुल कुत्रा आहे? मग कुत्रा सिनेमात. शूटिंगच्या वेळी रस्त्यावर एक कासव दिसलं, तर तेही घेतलं. सुरुवातीचा गोळीबार तुरुंगात होतो, तो गावचा खराखुरा तुरुंग आहे. त्यात दिसणारी पहारेकरी बाई तिथली खरी पहारेकरी आणि जेलर खरा जेलर. ॲक्टर आणून त्यांना युनिफॉर्म शिवण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

कॅमेरा उसना होता, १६ एमएमचा. क्रू नावाचा प्रकारच नव्हता. डायरेक्टर, कॅमेरामन, साउंडवाला, एडिटर सगळं रॉड्रिगेझ. ज्या ॲक्टरचा सीन नसेल त्याने लाईट धरायचा नाहीतर सामान उचलायचं. हलता शॉट घ्यायला सिनेमात रुळांवर चालणारी ट्रॉली लागते. यांनी गावच्या दवाखान्यातली व्हीलचेअर मागून आणली. रॉड्रिगेझ कॅमेरा घेऊन तीत बसायचा आणि मागून ढकलायचा कोण, तर सिनेमाचा हिरो.

सगळं फुकट किंवा उसनं होतं, तर पैसे गेले कुठे? ते गेले रिळांवर. मोबाईलवर शंभर टेक घेणाऱ्या आपल्या पिढीला हे पटकन कळत नाही. तेव्हा फिल्म विकत घ्यायची, शूट करायची, लॅबमध्ये धुवायला द्यायची आणि मग एडिटिंगसाठी व्हिडिओवर उतरवून घ्यायची. चारही पायऱ्यांना पैसे. १६ एमएमचं १०० फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. म्हणजे ॲक्टर अडखळला की डॉलर जळाले. त्यामुळे नियम ठरला, एक शॉट, एक टेक. फिल्म वाया जाऊ नये म्हणून क्लॅपसुद्धा मारायचे नाहीत. ॲक्टरनेच बोटांनी सीनचा नंबर दाखवायचा आणि चालू पडायचं. अशाने अख्खं शूटिंग १४ दिवसांत उरकलं.

त्या कॅमेऱ्याचा आवाज इतका मोठा होता की संवाद सोबत रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. मग शॉट झाला की कॅमेरा बंद करायचा, माईक तोंडाजवळ न्यायचा आणि ॲक्टरने तेच संवाद परत म्हणायचे. एडिटिंगला बसल्यावर आवाज ओठांशी हाताने जुळवायचा. दोन-तीन शब्द जुळायचे आणि मग ओठ पुढे, आवाज मागे. आता काय करायचं? ओठ चुकले की कट मारायचा. समोरच्याचा चेहरा दाखवायचा, नाहीतर कुत्र्याचा. परत जुळलं की परत बोलणाऱ्यावर यायचं.

त्यामुळे सिनेमाला जो फटाफट वेग आला, त्यालाच पुढे समीक्षकांनी रॉड्रिगेझची ‘स्टाईल’ म्हटलं.

बंदुकांचंही तसंच. काही बंदुका गावच्या पोलिसांकडून मागून आणलेल्या, म्हणजे खऱ्या. काही चक्क पाण्याच्या पिचकाऱ्या. खऱ्या बंदुकीत अडचण अशी की ऑटोमॅटिक बंदूक गोळी सुटताना तयार होणाऱ्या दाबावर पुढची गोळी भरते. सिनेमासाठी वापरतात ती रिकामी काडतुसं घातली की पुढे गोळीच नसते, म्हणून तेवढा दाब तयार होत नाही आणि बंदूक एका बारात अडकते. हॉलिवूडमध्ये यासाठी आतून बदल केलेल्या खास बंदुका भाड्याने मिळतात. यांच्याकडे त्या नव्हत्या. मग एक बार उडवायचा, थांबायचं, कॅमेऱ्याची जागा बदलायची, परत एक बार. नंतर हे सगळे तुकडे जोडून वरून धडाधड गोळीबाराचा आवाज टाकला. बघताना वाटतं मशीनगन चाललीय.

गोळी लागल्यावर रक्त उडायला पाहिजे. त्यासाठी काही ठिकाणी कंडोममध्ये खोटं रक्त भरून ते जिममधल्या जाड कमरपट्ट्यावर बसवलं.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा नारळाचा. हिरो गावात येतो, रस्त्यावरच्या गाडीवर नारळ घेतो आणि पुढे जातो. शूटिंग संपवून सगळे परतले आणि लक्षात आलं, हिरोने पैसे दिल्याचा शॉट घ्यायचाच राहिला. आता परत तिथं जायचं म्हणजे गाडीचं पेट्रोल, रीळ आणि अर्धा दिवस. रॉड्रिगेझने काय केलं? हिरोच्या मनातल्या आवाजात एक वाक्य टाकलं की या गावात नारळ फुकट मिळतात. विषय संपला.

शूटिंग झालं, ऑस्टिनमधल्या एका लोकल केबल स्टेशनच्या मशीनवर एडिटिंग झालं. मग दोघं कॅसेट घेऊन लॉस एंजेलिसला गेले. स्पॅनिश व्हिडिओवाल्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. किरकोळ किमतीवर घासाघीस चालू होती, कागदावर सही काही होत नव्हती.

तिथं असतानाच रॉड्रिगेझने आपली एक टेप आयसीएम या मोठ्या टॅलेंट एजन्सीत देऊन ठेवली. टेपवर ‘बेडहेड’ होती आणि ‘एल मारियाची’चा छोटा ट्रेलर. ती रॉबर्ट न्यूमन नावाच्या एजंटने पाहिली. त्याने विचारलं, खर्च किती आला? रॉड्रिगेझने ७ हजार सांगितलं. न्यूमनला वाटलं हा ट्रेलरचा खर्च सांगतोय आणि ट्रेलरच्या मानाने बराच कमी आहे. तो अख्ख्या सिनेमाचा आकडा आहे हे कळल्यावर पुढची चक्रं फिरली. मोठमोठ्या स्टुडिओंनी टेप मागवली. शेवटी कोलंबिया पिक्चर्सने सिनेमा घेतला आणि रॉड्रिगेझशी करार केला.

आता तो भाग, जो रीलमध्ये नसतो.

रॉड्रिगेझने एडिटिंग केलं होतं व्हिडिओवर. ते टीव्हीवर चालून गेलं असतं, पण थिएटरच्या प्रोजेक्टरला फिल्मची प्रिंट लागायची. म्हणजे मूळ १६ एमएम निगेटिव्ह त्या एडिटिंगप्रमाणे नव्याने कापायचं, मोठं करून ३५ एमएमवर न्यायचं आणि घरगुती माईकवर घेतलेला आवाज थिएटरमध्ये ऐकवेल असा परत मिक्स करायचा. या कामावर कोलंबियाने साधारण २ लाख डॉलर खर्च केले. शूटिंगच्या खर्चाच्या जवळपास तीसपट! आणि त्यावर जाहिरातीचा खर्च वेगळा, तो तर लाखो डॉलरमध्ये.

म्हणजे ७ हजारांत बनला तो टेपवरचा सिनेमा. लोकांनी तिकीट काढून पाहिलेला सिनेमा ७ हजारांचा नव्हता. कोलंबियाने मात्र जाहिरातीत ७ हजार हाच आकडा वाजवला, कारण तोच विकला जात होता. आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

दुसरी गोष्ट, त्या ७ हजारांत माणसांचे पैसे जवळपास धरलेलेच नाहीत. बहुतेकांना मानधन नव्हतं. गायार्दोचं गाव आणि त्याच्या ओळखी नसत्या तर बस, बार, तुरुंग, बंदुका यांचं भाडं किती झालं असतं? रॉड्रिगेझची तेव्हाची बायको एलिझाबेथ आवेयान विद्यापीठात नोकरी करत होती. घर तिच्या पगारावर चाललं म्हणून नवऱ्याला सिनेमा करता आला. पुढे दोघांनी मिळून ऑस्टिनमध्ये स्वतःचा स्टुडिओ उभा केला आणि ती त्याच्या बहुतेक सिनेमांची निर्माती झाली. पण ‘एकट्याने सिनेमा बनवला’ या वाक्यात गायार्दोही नसतो आणि आवेयानही नसते.

हे सांगायचं कारण एवढंच की या आकड्याच्या भरवशावर दरवर्षी कुठेतरी कुणीतरी नोकरी सोडतं, उधारी करतं आणि मग एडिटिंग झाल्यावर कळतं की खरा खर्च इथून पुढे आहे.

असो. जानेवारी १९९३ मध्ये सनडान्स फेस्टिव्हलमध्ये सिनेमाला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. फेब्रुवारीत तो अमेरिकेतल्या थिएटरमध्ये लागला, तोही स्पॅनिशमध्येच, खाली इंग्रजी सबटायटल देऊन. आधी कोलंबियाचा विचार होता की हाच सिनेमा मोठ्या पैशात नव्याने बनवावा. पण आहे तोच लावला आणि त्याने अमेरिकेत जवळपास २० लाख डॉलर कमावले. १० लाख डॉलरचा टप्पा ओलांडणारा सगळ्यात कमी बजेटचा सिनेमा म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या सिनेमांच्या राष्ट्रीय यादीत त्याला घेतलं. गृहपाठाची वही थेट संग्रहालयात.

कोलंबियासाठी त्याने पुढचा भाग केला ‘डेस्पराडो’, १९९५ मध्ये. बजेट ७० लाख डॉलर, म्हणजे बरोबर हजारपट. या वेळी हिरो अँटोनियो बांदेरास आणि सोबत सलमा हायेक. गायार्दो? तो आहे त्यात. हिरोच्या मित्राच्या छोट्या रोलमध्ये. गिटारच्या पेटीतून मारा करत येतो आणि थोड्या वेळात मरतो. निर्माता म्हणूनही त्याचं नाव आहे, पण ज्या भूमिकेसाठी त्याने गाव उसनं आणलं होतं, ती मोठ्या स्टारकडे गेली. हॉलिवूडचा व्यवहार बघता यात आश्चर्य काही नाही, तरी बघताना जरा टोचतं.

पुढे रॉड्रिगेझने ‘स्पाय किड्स’ केला, ‘सिन सिटी’ केला. शूटिंगच्या काळातली त्याची डायरी ‘रिबेल विदाऊट अ क्रू’ नावाने पुस्तक म्हणून आली. सिनेमा करायचं खूळ डोक्यात असेल तर वाचा, कारण त्यात पै-पैचा हिशोब आहे. २०१८ मध्ये त्याच नावाचा शो काढून त्याने नव्या पाच डायरेक्टरना सिनेमा करायला लावला. प्रत्येकाला तेच ७ हजार डॉलर आणि तेच १४ दिवस.

२०१९ मध्ये तो स्वतःही परत ७ हजारांवर आला. एका तरुणाची गोष्ट, ज्याला पैशांची गरज आहे म्हणून तो औषधाच्या चाचणीत भरती होतो. सोबत काम करायला या वेळी स्वतःचा मुलगा होता. सिनेमाचं नाव ‘रेड ११’.

‘एल मारियाची’ बघणार असाल तर मूळ स्पॅनिशच बघा, सबटायटल लावून. कुणी बोलताना मधेच कुत्र्यावर कट झाला की समजा, ओठ सुटले. आणि नारळवाला सुरुवातीलाच येतो, तेवढं चुकवू नका.